चालताना नावं घ्यायची नाहीत

जैबुनबी चालताना बोलायची. मोठ्यानं नाही, ओठ हलतील एवढंच. समोरून येणाऱ्याला वाटायचं, म्हातारी कलमा पढत चालली आहे. ती बायकांची नावं घेत असायची.

कळंबच्या आसपासच्या नऊ गावांत ती बांगड्या भरायला जायची. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता सहासष्ट. सासूनं तिला दोनच गोष्टी शिकवल्या. बाईचा हात धरला की अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं आणि तिच्याशी भलतंच काहीतरी बोलायचं, म्हणजे हात ढिला पडतो. आणि गावात शिरायच्या आधी, रस्त्यातच, सगळं गाव आठवून घ्यायचं. बांगडीवालीनं दारात उभं राहून चौकशी करायची नसते. कोणाचा नवरा गेला, कोणाला दिवस राहिले, कोणाचं पोर पोटातच गेलं, कोण सासरहून आली ती परत गेलीच नाही, हे तिला उंबऱ्याबाहेर ठाऊक पाहिजे. हात हातात आल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो.

तिला लिहिता येत नव्हतं. उमरझऱ्याच्या फाट्यावर उतरून गावाच्या पांदणीला लागली की नावं सुरू व्हायची, घरांच्या ओळीनं, बांगडीच्या मापासकट. तानाबाई, अडीच, हाताला सूज, काच नको म्हणते पण दाखवली की घेते. विमलताई, दोन-सहा, हिरव्यात एक पिवळी लागते. प्रेमसिंगची सून, सव्वादोन, सातवा महिना, ओटीच्या बांगड्या माहेरचे आणणार, आपण नाही. धम्मदीपची आई, दोन-सहा, नवरा नाही, पण त्यांच्यात भरतात. हात पुढं केला की भरायच्या, तोंड वाकडं करायचं नाही. पांदण संपेपर्यंत एकशे दहा-बारा बायका होऊन जायच्या. गावात कोणालाही तिनं माप विचारल्याचं कोणाला आठवत नाही. बायकांना त्याचं कौतुक होतं. माहेरी आलेली पोर आठ वर्षांनी समोर बसली तरी जैबुनबी बरोबर तिच्या मापाच्या बांगड्यांचा गुच्छ काढायची आणि म्हणायची, "तुले आता दोन-सहा लागन वं, दोन लेकरं झाली ना."

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा निजामुद्दीन गेला. रिवाजाप्रमाणे चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. पाचव्या महिन्यात टोपली घेऊन उमरझऱ्याच्या फाट्यावर उतरली तेव्हा तिला भीती होती की आता काही आठवणार नाही. पहिल्या कडुनिंबाशी तिनं तानाबाईचं नाव घेतलं आणि मग सगळं गाव एकामागून एक आलं. एकही बाई हरवली नव्हती. तिला बरं वाटलं, की वाटलं नाही, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. तेव्हापासून मात्र ती आठवड्यातून सहा दिवस जायला लागली. दिवसाचे चार तास नावांत जात. उरलेले घरात कसेही जात.

पहिल्यांदा ती नवरात्रात पडली, पांदणीतच. कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा डिसेंबरात नाल्यावरच्या फरशीवर पडली. टोपली पुढं, ती मागं. अर्धी टोपली फुटली, तळहातात काच गेली, सात टाके पडले. ते लपवता येण्यासारखं नव्हतं.

तिचा मुलगा तारिक कळंबातच बांगड्या-कटलरीचं दुकान चालवत होता. देवळाच्या रस्त्याला असल्यामुळे दुकान चांगलं चालायचं. त्यानं दोन रविवार यवतमाळला डोळ्यांचे आणि हाडांचे डॉक्टर केले. डोळे ठीक निघाले, हाडं वयाच्या मानानं ठीक निघाली. तिसऱ्या डॉक्टरांनी यवतमाळातल्याच एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमचं नाव निशिगंधा. वय तिशीच्या आत, पायात स्पोर्ट्सचे बूट. जैबुनबीसोबत तिची सून गझाला होती.

खोलीत जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. इथून तिथपर्यंत चाला, मॅडम म्हणाल्या. जैबुनबी चालली. मॅडमनी मोबाइलवर वेळ पाहिली.

"छान चालता की आजी. आता परत चाला, पण चालताना शंभरपासून उलटे आकडे म्हणा. तीन-तीन सोडून."

"मले उलटी गिनती येत नाही."

"बरं, मग भाज्यांची नावं."

जैबुनबी चालली आणि वांगी, भेंडी, चवळी, फुलकोबी, सांबाराची जुडी म्हणत पट्टीच्या शेवटी पोचली. मॅडमनी काहीतरी लिहिलं. फार फरक नव्हता.

तेव्हा गझाला म्हणाली, "मॅडम, ह्या भाज्या नाही म्हणत. ह्या रस्त्यानं बायांची नावं घेतात. माप, घर, कोणाचं काय झालं, सगळं."

"तेच म्हणा मग आजी. जसं म्हणता तसंच."

जैबुनबीनं पदर सारखा केला आणि फाट्यावर उतरल्यासारखी सुरुवात केली. तानाबाई, अडीच. विमलताई, दोन-सहा. विमलताईची पोरगी प्रेरणा, दोन-दोन, अजून लग्न नाही, हिरव्या एवढ्यात नाही. तिथपर्यंत पावलं बारीक झाली होती आणि पाय एकमेकांपासून लांब पडत होते. नानाजीची बहीण सत्यभामा, सव्वादोन, राळेगावकडं दिलेली, कार्तिकात नवरा गेला, आता हिरव्या नाही, पुढं केला तरी हात धरायचा नाही, लेकराच्या भरायच्या. प्रेमसिंगची सून.

"आजी, थांबल्या का तुम्ही?"

"कोण थांबलं?"

जैबुनबी पट्टीच्या मधोमध उभी होती. तिनं खाली पाहिलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी होते.

मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं आणि समजावलं. तरुणपणी चालणं आपोआप होतं, लक्ष द्यावं लागत नाही. वय झालं की चालायलाही थोडं लक्ष खर्ची पडतं. तेवढ्यात डोकं दुसऱ्या कामाला लावलं की कुठंतरी कमी पडतंच. "बहुतेक लोकांचं काय होतं, पाय सांभाळतात आणि बोलणं अडखळतं. आजींचं उलट आहे. त्या एक नाव चुकत नाहीत. पाय सोडून देतात." मग जैबुनबीकडे वळून त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, जसं सगळेच म्हाताऱ्यांशी बोलतात, "चालताना नावं घ्यायची नाहीत, आजी. चालायचं तर नुसतं चालायचं. पायाकडं लक्ष. आठवायचं असेल तर बसून आठवा."

"बसून नाही आठवत," जैबुनबी म्हणाली.

"असं कसं?"

घरी येऊन तिनं पलंगावर बसून करून पाहिलं. तानाबाई आली. विमलताई आली. मग गॅसवरचं दूध आलं, शेजारणीचा आवाज आला, आणि गाव तिथंच राहिलं.

तारिकला कारण मिळाल्यावर तो शांत झाला. दुकानात तिच्यासाठी त्यानं फिरती खुर्ची आणली. "अम्मी, इधर बैठो. औरतें आएंगी, तुम्हारे हाथ से भरेंगी. नाप के कडे हैं ना, हाथ में डालके देख लेना." जैबुनबी दोन आठवडे खुर्चीत बसली. देवळात आलेल्या बायका यायच्या, वर्ध्याच्या, नागपूरच्या. आपला आकडा आपणच सांगायच्या, बांगड्या पाकिटात घ्यायच्या आणि घरी जाऊन घालू म्हणायच्या. हात कोणी पुढं करत नव्हतं.

माघात विमलताईच्या नवऱ्याचा, नानाजीचा, फोन आला. प्रेरणाचं लग्न ठरलं होतं. नानाजीची उमरझऱ्याला वीस एकर शेती, कापूस, सोयाबीन, तूर. माणूस बोलायला मोठ्या आवाजाचा. "तारिकभाऊ, बांगड्याले मायलेच धाड. माह्या बहिणीले तिनंच भरल्या, बायकोले तिनंच भरल्या. दुकानातल्या डब्यातल्या बांगड्या मी लेकीले नाही घालत."

तारिक तिला मोटारसायकलवर दारापर्यंत सोडणार होता, पण पांदणीत पाण्याची पाइपलाइन टाकायला खोदून ठेवलं होतं. गाडी फाट्याच्या पुढं जात नव्हती. त्यानं रात्रीच जेवताना सांगून टाकलं. गझाला भाकरी वाढत होती, ती ऐकत होती.

"एक बार देख लेते हैं. फाटे से गाँव और गाँव से फाटा, जैसा मॅडम ने बोला वैसा चलो. नहीं गिरी तो हफ्ते में दो दिन जाओ, मैं कुछ नहीं बोलूंगा. गिरी तो बात खतम. फिर मेरे को मत बोलना."

"ठीक है," जैबुनबी म्हणाली.

"नाम नहीं लेना रस्ते में."

"नहीं लेती."

बुधवारी सकाळी नऊला तो तिला फाट्यावर सोडून दुकान उघडायला परत गेला. टोपली तिनं डोक्यावर घेतली नाही, दोन्ही हातांत दोन पिशव्या घेतल्या, वजन सारखं. मॅडमनी तसं सांगितलं होतं.

तानाबाईचं नाव जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

दोन-तीन वेळा तसं झालं, मग नावं यायची थांबली. उरली नुसती पांदण. एका बाजूला खोदलेली माती, निळा पाइप, त्याच्यावर बसलेला एक कावळा. दुसऱ्या बाजूला उपटून टाकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. तिनं पायाकडं पाहिलं. चप्पल पुढं जात होती, मग दुसरी चप्पल पुढं जात होती. सत्तेचाळीस वर्षांत तिनं या रस्त्यावरचा एकही दगड पाहिलेला नव्हता, ते आता सगळे दिसत होते. हरभऱ्यात एक बाई खुरपत होती, तिनं हाक मारली, "जैबुनबी, लई दिसानं वं." जैबुनबी थांबली, हात हलवला, आणि हात खाली आल्यावरच पुन्हा चालायला लागली.

तिला वाटलं होतं, डोकं रिकामं केलं की निजामुद्दीन येईल. नऊ वर्षं तिनं त्याला जागाच दिली नव्हती. पण तोही आला नाही. नाल्याच्या फरशीवरून ती एकेक पाऊल टाकून गेली. गावाच्या हनुमानाच्या पाराजवळ पोचली तेव्हा गुडघे दुखत नव्हते, धाप लागली नव्हती, आणि आपण चांगलं चाललो हे तिला कळत होतं.

नानाजीच्या अंगणात मांडव घातला होता. ओसरीवर सतरंजी टाकून पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. विमलताईनं, नानाजीच्या बायकोनं, तिच्या पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं. तानाबाई, नानाजीची आत्या, खांबाला टेकून सुपारी कातरत होती.

"जित्ती आहे म्हणा तुम्ही," तानाबाई म्हणाली. "आम्हाले कळलं, दुकानात मालकीण झाली म्हणून."

"तुमच्या आधी नाही जात मी, तानाबाई."

"नंबर लावून ठेवा मंग माह्या मागं."

बायका हसल्या. प्रेरणा पुढं बसली. जैबुनबीनं तिचा हात धरला, हाड आत दाबलं, म्हणाली, "नवरा काय करते वं?"

"बँकेत आहे, चाची."

"मंग तुले पाहाले वेळ भेटन का त्याले?" आणि प्रेरणा हसायच्या आत तीन बांगड्या चढल्या. एका हातात दहा, दुसऱ्या हातात अकरा. एकही फुटली नाही. प्रेरणानं वाकून बांगडीवालीला नमस्कार केला, मग विमलताईनं केला. तशी रीत होती.

मग बाकीच्या बायका सरकत पुढं यायला लागल्या. बांगड्या भरताना जैबुनबी तोंडाकडं पाहत नसे. हात यायचा, ती धरायची, भरायची, सोडायची, दुसरा यायचा. मापं हातच सांगत होते. त्यासाठी रस्त्याची गरज नव्हती, आणि तेच पाहून तिला वाटलं की सगळं ठीक चाललं आहे. एक तीन वर्षांची पोर कोणाच्या तरी मांडीवर बसून आली. तिच्या नाकाला शेंबूड, हात चिकट. जैबुनबीनं तिला लहान लाल बांगड्या भरल्या. पोर किरकिरली, तिला धरून ठेवणारा हात पुढंच होता, गोरा, बारीक मनगटाचा, सव्वादोनचा. जैबुनबीनं तो धरला. हाड दाबायचीही गरज पडली नाही, इतका तो हात ढिला होता. हिरवी एक चढली, दुसरी चढली. तिसरी ती उचलत होती तेव्हा तिला कळलं की ओसरीवर कोणी बोलत नाही.

सुपारीचा अडकित्ताही थांबला होता.

जैबुनबीनं वर पाहिलं. सत्यभामा होती. नानाजीची बहीण, कार्तिकात नवरा गेलेली. सत्यभामा त्या पोरीच्या नाकाकडं पाहत होती आणि पदरानं ते पुसत होती. मग तिनंही आपल्या हाताकडं पाहिलं.

"जैबुनबी, हे काय केलं वं तुम्ही," विमलताई हळू आवाजात म्हणाली. "तीन महिने नाही झाले."

"काढतो," जैबुनबी म्हणाली. "साबण आणा."

साबण आला, तांब्या आला. पहिली बांगडी निघाली. दुसरी निघेना. तिच्या हातानं घातलेली बांगडी मापाला इतकी बरोबर बसायची की ती घालणं सोपं आणि काढणं अवघड. बायका हेच तर कौतुकानं सांगायच्या. साबणाचा फेस सतरंजीवर पडला. सत्यभामाच्या अंगठ्याखालचं हाड लाल झालं. एरवी कोणीही ती बांगडी दगडावर टेकवून फोडली असती, काम संपलं असतं. पण लग्नघर होतं, परवा हळद होती. शेवटी एक कोवळी सून म्हणाली, "फोडली तं?"

"हिरवी बांगडी फोडते इथं?" तानाबाई म्हणाली. "पोरीच्या डोळ्यापुढं?"

कोवळ्या सुनेनं तांब्या मागं सरकवला.

"राहू द्या," सत्यभामा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. "मले काही होत नाही." तिनं पदराखाली हात घेतला, पोरीला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं निघून गेली.

जैबुनबीनं साबणाचा फेस फडक्यानं पुसला. अजून बारा-पंधरा बायका राहिल्या होत्या. पहिल्यांदा कोणी पुढं येईना. मग विमलताईची जाऊ सरकली. हात देण्याआधी ती म्हणाली, "मी वनिता, जैबुनबी. दोन-सहा. विमलताईचे लहाने देर माह्ये मालक, बाहीर मांडवात आहेत." तिच्या मागची म्हणाली, "मी संगीता. अडीच. सवाष्णच आहो." ती हसून म्हणाली, टोमणा नव्हता त्यात, पण तिच्यामागच्या बाईनंही तसंच सांगितलं, आणि तिच्या मागच्या बाईनंही. नाव, माप, नवरा असल्याचं. परगावच्या दुकानात सांगतात तसं. जैबुनबी प्रत्येकीला हो म्हणाली आणि भरत गेली.

जेवणाची पानं मांडली तेव्हा तिला मांडवात पहिल्या पंगतीला बसवलं. नानाजीला आतलं काही कळलं नव्हतं. त्यानं बुंदी दोनदा वाढायला लावली. "खा वं माय, आता जावई पाहाले ये." त्यानं नारळ दिला, लुगडं दिलं. विमलताई त्याच्या शेजारी उभी होती, तिनं नमस्कार केला, नेहमीएवढाच वाकून.

निघण्याआधी जैबुनबी मागच्या अंगणात गेली. सत्यभामा पाटावर बसून लसूण सोलत होती. डावा हात पदराखालीच होता, एका हातानं सोलायचं म्हणून ती पाकळी दातात धरत होती. जैबुनबी शेजारी उकिडवी बसली.

"बाई, मले माहीत होतं. पक्कं माहीत होतं."

"मले माहीत आहे तुम्हाले माहीत होतं. तेरवीले तुमचा पोरगा आलता ना."

"मंग हात काहून नाही ओढला वं तू?"

सत्यभामानं पाकळीचं साल थुंकलं. "ध्यानच नव्हतं. पोरगी सरळ बसून नव्हती राह्यली." दुसरी पाकळी उचलत ती म्हणाली, "तुमचंही ध्यान नव्हतं."

"नव्हतं."

"जेवणं झाली की तेल लावून पाहीन मी. नाही निघाली तं राळेगावले गेल्यावर काढीन. तुम्ही निघा, उन्हं उतरून राह्यली."

त्यात राग नव्हता. राग असता तर जैबुनबीला काहीतरी करता आलं असतं.

परत जाताना ती गावाबाहेरच्या कडुनिंबाशी थांबली. दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि उभ्या उभ्या नावं घ्यायला लागली. तानाबाई, अडीच, सूज. विमलताई, दोन-सहा. प्रेरणा, दोन-दोन, आता हिरव्या, लग्न झालं की सव्वादोन धरायचं. नानाजीची बहीण सत्यभामा, सव्वादोन, राळेगावकडं दिलेली, कार्तिकात नवरा गेला, हिरव्या नाही, पुढं केला तरी हात धरायचा नाही. सगळं जिथल्या तिथं होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. सकाळी फक्त त्या नावांना कोणी हाक मारली नव्हती. ती तिथं एकशे अकरा बायका होईपर्यंत उभी राहिली. बकऱ्या घेऊन जाणारा एक म्हातारा तिला वळसा घालून गेला.

मग तिनं पिशव्या उचलल्या आणि पायाकडं पाहत फाट्यापर्यंत गेली. नाला ओलांडला. खोदलेल्या मातीवरून पाय घसरला नाही. फाट्यावर अर्धा तास ऑटोची वाट पाहिली, आत कापसाची दोन गाठोडी आणि सहा माणसं होती, त्यांच्यात बसून ती कळंबला उतरली.

घरी पोचली तेव्हा मगरिबची अजान होत होती. तारिक दुकानातून नुकताच आला होता, हात धूत होता.

"क्या हुआ अम्मी? कैसा रहा?"

जैबुनबीनं पिशव्या दाराशी ठेवल्या.

"गिरी," ती म्हणाली.

तारिकनं नळ बंद केला. "कहाँ?"

"पांदण में. वापसी में."

"लगा क्या?"

"घुटने को थोडा."

मग त्यानं टॉवेलनं हात पुसले, नीट, एकेक बोट. "अच्छा हुआ जादा नहीं लगा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ती सुटका होती. त्यानं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. "बात हुई थी अपनी. अब दुकान में बैठो आराम से. नानाजी को मैं बोल दूंगा. बाकी गाँववालों को भी."

"बोल दे."

तो नमाजला गेला. गझालानं पिशव्या आत नेल्या. राहिलेल्या बांगड्यांचे गुच्छ तिनं एकेक करून कपाटात लावले. एकही फुटलेली नव्हती. मग तिनं जैबुनबीला बदलायला कपडे दिले आणि उतरवलेली साडी हातात घेऊन पाहिली. काठाला पांदणीची धूळ होती, चालल्यानं लागते तेवढी. गुडघ्याच्या जागी काही नव्हतं, मागं काही नव्हतं. तळहातावर जुन्या टाक्यांची रेघ होती, नवं खरचटलेलं नव्हतं. गझालानं साडी बादलीत टाकली, वरून पावडर टाकली आणि पाणी सोडलं.

थोड्या वेळानं ती मलमाची ट्यूब घेऊन आली आणि पलंगाखाली जमिनीवर बसली.

"कौनसा घुटना, अम्मी?"

जैबुनबीनं थोडा विचार केला आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. गझालानं बोटावर मलम घेतलं आणि चोळायला लागली.